डिझेलची खोड

"डावीकडे! अरे डावीकडे ये म्हणतो ना, गाढवा!"

गोकुळचा आवाज डोकमर्डीच्या त्या मोकळ्या प्लॉटवर पार कुंपणापर्यंत गेला. डिझेल ऐकत नव्हता अशातला भाग नाही. पहिला दांडा त्याने एका झेपेत ओलांडला होता, कापडी बोगद्यातून सुसाट बाहेर आला होता. आता गोकुळच्या डाव्या हाताचा दांडा तेवढा राहिला होता. पण तिथे तो थबकला. मान खाली घालून गोकुळच्या पाठीमागून लांबचा वळसा घेतला आणि उजव्या अंगाला येऊन उभा राहिला.

"झालं! पुन्हा तेच," गोकुळने कपाळावर हात मारला. "मॅडम, याच्यात खोडच आहे. कितीही शिकवा, डावी बाजू याच्या डोक्यातच शिरत नाही."

"ओरडू नका हो गोकुळभाऊ. दोन आठवड्यांवर स्पर्धा आलीय, आता त्याचा धीर गेला तर संपलंच," मृणाल म्हणाली.

मृणाल मूळची चिपळूणची, इथल्या एका शाळेत पीटीची शिक्षिका. कुत्र्यांना अडथळ्यांवरून पळवायचा हा खेळ ती पुण्यात शिकून आली होती आणि दर रविवारी सकाळी हौशी लोकांना शिकवायची. बाकीच्यांची कुत्री विकतची, केसाळ, शांपूचा वास येणारी. डिझेल एकटाच गावठी. पावसाळ्यात गोकुळच्या बसखाली सापडलेलं काळंकुट्ट पिल्लू ते. इंजिनच्या उबेला बसलेलं, अंगभर ऑइल. म्हणून डिझेल. पण पळायला लागला की भल्याभल्यांची जात गळून पडायची!

या खेळात कुत्र्याला हात लावायचा नाही, पट्टा नाही, खाऊ दाखवायचा नाही. माणसाने बरोबर पळायचं आणि नुसत्या हाताने, खांद्याने दिशा दाखवायची. माणसाचा खांदा जिकडे वळेल तिकडे कुत्रा झेप घेतो, पुढे काय आहे ते न बघता. एवढा विश्वास सख्खा भाऊ टाकत नाही.

गोकुळ बारा वर्षं राखोलीच्या एका धाग्याच्या कारखान्याची बस चालवत होता. शिरपूरकडून आला तेव्हा क्लीनर होता, पुढे ड्रायव्हर झाला. खानवेलच्या बायका दुपारच्या पाळीला आणायच्या, सकाळच्या पाळीच्या सोडायच्या, रविवार असो की सण. "बारा वर्षांत गाडीला ओरखडा नाही," हे तो कुणीही विचारलं नसताना सांगायचा.

दिवाळीपासून मात्र सांगत नव्हता. डावा आरसा दोनदा फुटला. एकदा भाजीच्या हातगाडीला बस घासली, तेव्हा हातगाडीवाल्याचीच आई-बहीण काढून तो मोकळा झाला. खानवेलच्या वळणावर एक बकरी चाकाखाली आली. ती डावीकडून आली की आभाळातून पडली, त्याला सांगता आलं नाही. आणि एकदा बायडाबाई, पॅकिंगमधली साठीला टेकलेली बाई, पायरीवरून उतरत असतानाच त्याने गाडी हलवली. दाराची दांडी हाताला लागली म्हणून बाई वाचली, नाहीतर मागच्या चाकाखालीच गेली असती.

"ए भाऊ, मानूस हाय हितं!" ती किंचाळली होती. गोकुळने शिव्या दिल्या, पण त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. झोप पुरत नाही, दुसरं काही नाही, अशी त्याने स्वतःची समजूत काढली. लायसन्सच्या वेळी लागणारा डोळ्यांचा कागद एका एजंटाने घरपोच आणून दिला होता, त्यामुळे डोळे कुणी तपासलेच नव्हते. आणि दुखत तर काहीच नव्हतं. दुखलं नाही की आपल्याकडे माणूस ठणठणीत.

त्या रविवारी घरी आल्यावर त्याने अंगणात दोन विटांवर काठी ठेवली आणि डिझेलला डावीकडे घेऊन उभा राहिला. दहा वेळा पाठवलं, दहाही वेळा डिझेल मागून वळसा घेऊन उजवीकडे आला. अकराव्या वेळी गोकुळचा तोल सुटला. हातातला पट्टा त्याने डिझेलच्या पाठीवर ओढला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. डिझेल ओरडलासुद्धा नाही. पोट जमिनीला टेकवून पडून राहिला.

बायको, कावेरी, पिठाच्या हाताने बाहेर आली. "तुमले काय व्हयनं? मुक्या जिवाले मारी राह्यनात?"

"खोड मोडायला पाहिजे त्याची."

"कोनी खोड? त्यानी का तुमनी?" ती म्हणाली आणि डिझेलला उचलून आत घेऊन गेली. गोकुळ बराच वेळ अंगणात उभा होता. शेजारच्या भिंतीवर मांजर आलं, तसा तो दचकला. ते केव्हा आलं ते त्याला समजलंच नव्हतं.

स्पर्धा दमणगंगेच्या काठच्या मैदानावर होती. जानेवारीतली सकाळ, नदीवरचं धुकं अजून उठलं नव्हतं. वापी, सुरत, वसईकडून लोक गाड्या घेऊन आले होते. गोकुळने बस मैदानाबाहेरच, रस्त्याकडेच्या झाडाखाली लावली होती. साडेबाराला इथूनच खानवेलला निघायचं होतं. कावेरी नवी साडी नेसून आली होती. अख्ख्या मैदानात एकच गावठी कुत्रा, तोही आपला, याची तिला कोण ऐट!

दोन फेऱ्या होत्या, त्यांतली चांगली धरणार होते. पहिल्या फेरीत पुकारा झाला, "डिझेल! सोबत गोकुळ!" आणि लोक हसले. मग डिझेल सुटला आणि हसायचे थांबले. तीन दांडे, बोगदा, डोलती फळी, सगळं त्याने खेळणं असल्यासारखं पार केलं. फळीनंतर वळण होतं डावीकडे.

गोकुळने डावा हात केला, खांदा वळवला. डिझेल बाजूला दिसेना. गेला वाटतं मागून, असं समजून गोकुळ चिडून गर्रकन डावीकडेच वळला, आणि त्याच्या बुटाखाली काहीतरी मऊ आलं.

डिझेलची किंकाळी नदीपलीकडे गेली असेल. बिचारा आज पहिल्यांदा डाव्या बाजूने आला होता. मार आठवला असेल म्हणून आला असेल. पंजा वर धरून तो तीन पायांवर मागे सरकला आणि गोकुळने हात पुढे केला तेव्हा आणखी मागे गेला. शिट्टी वाजली. फेरी बाद.

पुण्याहून आलेले पंच जवळ आले. "पंजा ठीक आहे, काही मोडलं नाही. पण एक सांगतो, राग मानू नका. हा कुत्रा डाव्या वळणाला घाबरत नाही. तुम्हाला घाबरतोय."

गोकुळच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. मृणालने त्याला दोरीबाहेर नेलं. तासाभराने डिझेल पुन्हा नीट पावलं टाकायला लागला, तेव्हा ती म्हणाली, "भाऊ, दुसऱ्या फेरीत पळवणारा बदलता येतो. मी घेऊन जाऊ का त्याला?"

"न्या. तुमच्याशीही तेच करेल. समजेल मग सगळ्यांना."

आणि डिझेल निघाला. दांडे झाले, बोगदा झाला, फळी झाली. मृणालने डावा हात नुसता अर्धा उचलला, तर हा गडी तिच्या डाव्या अंगाला चिकटून वळला आणि दांड्यावरून उडालासुद्धा! पुढे पुन्हा डावं वळण, पुन्हा तसाच. एकदाही थबकला नाही, एकदाही मागून गेला नाही. लोक टाळ्या वाजवायला लागले. सगळ्यांत कमी वेळ, एकही चूक नाही.

गोकुळला कुणी मुस्कटात मारल्यासारखं झालं. बाई अंगाने हलकी, आवाज मऊ, म्हणून ऐकलं असेल, त्याने मनाशी म्हटलं. पण समजूत पटेना. खोड डिझेलमध्ये नव्हती. मग कुणात होती?

"घ्या ना हो चहा! कवाची कप धरी उभी शे मी," कावेरीचा आवाज आला. ती त्याच्या डाव्या बाजूला, हातभर अंतरावर, कागदी कप धरून उभी होती. केव्हापासून, देव जाणे.

गोकुळने कप घेतला नाही. त्याने उजवा तळहात सावकाश उजव्या डोळ्यावर ठेवला. कावेरी गेली. मैदान गेलं. चहूकडून राखाडी धूर आला आणि मधोमध बांगडीएवढं भोक उरलं. त्यात लांबचा एकच दांडा दिसत होता, बाकी काही नाही. हात काढला, सगळं होतं तिथे. हात ठेवला, सगळं गेलं. तिसऱ्यांदा ठेवायची हिंमत झाली नाही.

मृणाल हसत चषक घेऊन आली. डिझेल तिच्या मागे उड्या मारत होता. "बघितलंत भाऊ? पहिला आला तुमचा डिझेल! काही खोडबिड नाही त्याच्यात."

"नाही," गोकुळ म्हणाला. "नव्हतीच." त्याला पट्ट्याच्या त्या तीन फटक्यांची अशी लाज वाटली की डिझेलकडे बघवेना. या जनावराला सगळं माहीत होतं. डाव्या अंगाला आपण मालकाला दिसत नाही, तिथे गेलो तर तुडवले जाऊ, हे त्याला कळलं होतं. सांगणार कसं? म्हणून मागून वळसा घ्यायचा.

साडेबारा वाजत आले होते. गोकुळ बसमध्ये जाऊन बसला. माणसाचं मन किती लबाड असतं बघा! ही एवढी एक खेप मारू, बायका खोळंबतील, उद्या दवाखान्यात जाऊ, असं म्हणत त्याने चावी फिरवलीसुद्धा. इंजिन थरथरलं. पाय क्लचवर होता. कुठूनतरी पोरांचं हसणं ऐकू येत होतं. समोर रस्ता मोकळा, आरशात काही नाही. गिअर टाकता टाकता, काय वाटलं कोण जाणे, त्याने अख्खी मान डावीकडे वळवली आणि सीटवरून अर्धा उठून खाली बघितलं.

चार लहान पोरं बसला खेटून चालली होती. त्यांतली एक मुलगी पुढच्या चाकाशी वाकून बुटाची नाडी बांधत होती.

गोकुळने इंजिन बंद केलं. मुलगी नाडी बांधून, उड्या मारत निघून गेली. तिला काही पत्ता नाही. मग त्याने फोन लावला सुमितला, कारखान्याच्या गाड्या बघणाऱ्या सुपरवायझरला.

"सुमितभाई, दुसरा ड्रायव्हर पाठवा. माझा डावा डोळा गेलाय."

"अरे यार, डोळ्याचं उद्या दाखव ना! आज खेप मार. संडेला माणूस कुठून काढू मी?"

"नाही. मी गाडी चालवणार नाही."

"गोकुळभाई, बघ हां. एकदा सीटवरून उतरलास तर परत बसवणार नाहीत तुला. विचार कर."

"केला," गोकुळ म्हणाला.

कावेरीला त्याने खिडकीतूनच सांगितलं. तिने चषक एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "आजनं काम बंद का?"

"कायमचं."

ती डिझेलला घेऊन रिक्षात बसली, आणि रिक्षा वळेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिली.

अर्ध्या तासाने विश्वनाथ मोटारसायकलवर आला. टँकर चालवणारा माणूस, खानवेलचा रस्ता नवीन. त्याला थांबे दाखवायला कुणीतरी हवंच होतं. गोकुळ बारा वर्षांत पहिल्यांदा बसमध्ये बायकांच्या दाराने चढला आणि दारालगतच्या सीटवर बसला.

खानवेलच्या नाक्यावर बायका डबे घेऊन उभ्या होत्या. उशीर झाल्याने कुरकुरत एकेक चढली. विश्वनाथने हॉर्न दिला. पुन्हा दिला. "अरे ही बाई काय मधेच उभी आहे? मरायचंय का हिला?"

काचेपुढे, गाडीच्या नाकासमोर, कुसुम उभी होती. विशीतली, नुकतीच कामाला लागलेली. डबा छातीशी धरून, हलायचं नाव नाही. गोकुळने रोज कुणी ना कुणी बाई तशी उभी राहिलेली बघितली होती. बायकांच्या गप्पा संपत नाहीत, असं त्याला वाटायचं.

"बायडामावशी, ती का उभी आहे?"

बायडाबाईने आधी ड्रायव्हरच्या सीटवरच्या नव्या माणसाकडे बघितलं, मग गोकुळकडे. "सोडली का गाडी?"

"सोडली. मला डाव्या बाजूचं दिसत नाही, मावशी. आजच कळलं."

"आमाला ठावं होतं," ती हळूच म्हणाली. "त्या दिवशी मी मरता मरता वाचली ना, तवापासून. समोरचं तुला दिसतं. म्हणून एक बाई फुडं उभी ऱ्हाते. समद्या चढल्या-उतरल्या, की मग ती हटते. पाळी लावलीय आमी. आज कुसुमची हाय."

"आणि मला सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर नोकरी गेली असती तुझी. कुनाचं पोर आजारी, कुनाला उशीर, तू थांबायचा रे. दुसरा कोन थांबतो?"

ज्या गाडीने त्यांना चिरडलं असतं, तिच्या पुढ्यात या बाया रोज एक जीव उभा करत होत्या, गोकुळची भाकरी जाऊ नये म्हणून. त्याला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही.

विश्वनाथने तिसऱ्यांदा हॉर्नवर हात ठेवला. "थांब, वाजवू नको," म्हणत गोकुळ खाली उतरला. गाडीला हाताने चाचपत पुढे गेला आणि कुसुमसमोर उभा राहिला.

"चल पोरी, बस आत. आता कुणी उभं राहायचं नाही."

कुसुमने त्याच्याकडे बघितलं, वर काचेतून नव्या ड्रायव्हरकडे बघितलं, आणि डबा सावरत आत चढली. तिच्यामागून, सगळ्यांत शेवटी, गोकुळ चढला आणि त्याने दार ओढून घेतलं.