घरझडतीचा सराव

सातासमुद्रापार, ईस्ट टामाकीतल्या एका गोदामात यतीनने प्लायवूडचं गाव उभं केलं होतं. चार घरं, एक गिरणी आणि बिनपाण्याची विहीर. एका डळमळीत देशाचे सैनिक तिथे दहशतवादी पकडायला शिकत. देशाचं नाव घ्यायला करारात मनाई, म्हणून सगळे त्यांना ‘तिकडचे’ म्हणत. तिकडे सरकार इतक्यांदा बदले की भिंतीवरचा दहशतवाद्याचा फोटो यतीनने दोन महिन्यांत तीनदा बदलला. मागचा दहशतवादी आता शिक्षणमंत्री होता. त्याचा फोटो जरा अदबीनेच उतरवावा लागला.

आजच्या सरावावर यतीनची नोकरी अवलंबून होती. पास झाला तर कायम, नाहीतर पुन्हा फोर्कलिफ्ट. त्याच्या बायकोला, जुईला, सातवा महिना लागला होता.

सैनिकांना न कळणारी भाषा बोलणारे गावकरी हवेत, एवढीच अट होती. यतीनने महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाकला. आयटीतल्या प्रसादने दहशतवादी व्हायला रजा काढली, पंधरा दिवस दाढी वाढवली. त्याची आई म्हणून मनुरेवाच्या सरलाकाकू आल्या. त्यांनी फक्त किंचाळायचं होतं. पण काकूंचा आवाज जन्मात कधी चढलेला नाही. शेवटी यतीन म्हणाला, “काकू, हे आपलंच घर समजा, मग जमेल.”

चूक झाली ती इथे. काकूंनी तसंच समजलं. श्रावणातला त्यांचा नेम असा, की दिवसभर जिथे बसायचं तिथे आधी दिवा लावायचा आणि संध्याकाळपर्यंत तो हलवायचा नाही. त्यांनी जमीन झाडली, उंबऱ्याशी चार बोटांची रांगोळी काढली आणि तुपाचं निरांजन लावलं. गोदामाच्या फायर अलार्मला तुपाचं वावडं नसावं, तो गप्प राहिला.

स्पीकरवर धमाका झाला, कप्तान आणि त्याचे पाच जण दारावर धडकले. काकू आडव्या उभ्या राहिल्या.

“बूट बाहेर,” त्या हळूच म्हणाल्या. “आत दिवा लागलाय.”

शब्द सैनिकांपैकी कोणालाच कळले नाहीत. कप्तानाने दिवा पाहिला, रांगोळी पाहिली, काकूंचं बोट पाहिलं, बंदूक भिंतीला टेकवली आणि खाली बसून नाड्या सोडू लागला. मागोमाग बाकीचे. लष्करी बूट म्हणजे काही पायातून झटकायच्या जँडल्स, रबरी सपाता नव्हेत. चांगली चार मिनिटं गेली. तेवढ्यात पलंगाखालचा दहशतवादी कंटाळून बाहेर आला आणि कोणाकोणाला चहा हवा ते विचारू लागला. काकूंनी घरून आणलेला शिरा सगळ्यांना वाढला. खाऊन झाल्यावर कप्तानाने प्रसादला रीतसर अटक केली. प्रसाद ताटली धुऊन निमूट गेला.

परीक्षक हेलनबाईंनी सराव पुन्हा घ्यायला सांगितला, या वेळी म्हातारीविना.

“मी उठते रे यतीन,” काकू म्हणाल्या. “दिव्याला मात्र हात लावायचा नाही. त्यांना म्हणावं, यायचं तसं या.” आणि त्या विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसल्या.

पुन्हा धमाका झाला. पुन्हा सहाही जण उंबऱ्याशी खाली बसले.

हेलनबाईंनी कप्तानाला विचारलं, बूट घालून आत शिरायचं हे शिकवलं नव्हतं का? तो अदबीने म्हणाला, शिकवलं होतं, याआधी दुसऱ्या एका मित्रदेशानेही. तसे शिकलेले लोक त्याच्या आईच्या घरात शिरले होते. “त्या दिवसापर्यंत माझा धाकटा भाऊ पोस्टात कारकून होता. आता डोंगरात आहे.”

हेलनबाईंच्या फॉर्मवर यासाठी रकाना नव्हता. त्यांनी ‘नापास’वर खूण केली. मग यतीनला बाजूला घेऊन सांगितलं, एका गावकरी बाईने सूचना मोडल्या असं तिच्या नावानिशी लिहून दे, दोष तिच्यावर जाईल आणि नोकरी राहील.

यतीनने पेन घेतलं. विहिरीवर काकू डोळे मिटून जप करत होत्या. त्याने थोडा वेळ जुईचा विचार केला, मग लिहिलं, ‘गावकऱ्यांना सूचना मीच दिल्या होत्या. त्यांनी त्या तंतोतंत पाळल्या,’ आणि सही केली.

पार्किंगमधून त्याने जुईला फोन लावून सगळं सांगितलं.

“म्हणजे आज लवकर सुटलास,” ती म्हणाली. “मग येताना सँडरिंगहॅमच्या देशी दुकानातून चिंच आण. केव्हाची खावीशी वाटतेय.”