हिल्माच्या घोडीचं शेपूट

माझा नवरा येहकी हट्टी आहे, हे मी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी ओळखलं होतं. पण इतका? रशियाशी झालेल्या लढाईत आमचं कारेलियातलं गाव गेलं, घर गेलं, आणि सैन्याने नेलेला आमचा घोडा रुस्को परत आलाच नाही. फिनलंडच्या या सावो मुलखात येताना येहकीने काखेत एकच वस्तू आणली, त्याचं यौहिक्को. मांडीत धरून गजाने वाजवायचं वाद्य, आणि त्याच्या तिन्ही तारा रुस्कोच्या शेपटाच्या केसांच्या. वर्षभरात दोन तुटल्या. तिसरीही तुटेल या धास्तीने त्याने वाद्य खुंटीला टांगलं, ते टांगलंच.

आणि आता आमच्या नास्तीचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं.

"बाबा वाजवणार नसतील तर मी नाचणार नाही," नास्ती म्हणाली.

"तुझा नवरा ग्रामोफोन आणतोय की," येहकी म्हणाला.

"मग ग्रामोफोनलाच बाबा म्हणू का?"

येहकी उठून लाकडं फोडायला गेला. पोरगी रडायला लागली आणि माझं डोकं फिरलं. गेलेल्या घोड्यापायी हातातल्या लेकीला रडवायचं, हा कुठला न्याय?

मी तडक शेजारच्या हिल्माकडे गेले. आम्ही इथे नवीन आलो तेव्हा ही बाई आम्हाला 'रशियन' म्हणून हिणवायची. माझ्या हातच्या, भात भरलेल्या, राय धान्याच्या पिठाच्या करंज्या खाल्ल्यापासून तिची जीभ जरा मवाळ झाली होती. तिच्या वप्पू घोडीचं शेपूट अगदी रुस्कोसारखं, वाळल्या गवताच्या रंगाचं.

"शेपूट पाहिजे? अख्खं?"

"मूठभर केस दे गं."

"आणि तिने माशा कशाने हाकलायच्या? तुझ्या डोक्यावरच्या रुमालाने?"

"टोपलीभर करंज्या देते."

"दोन टोपल्या," हिल्मा म्हणाली आणि तिने घोडीचं तोंड धरलं.

तारेला केस घ्यायचे ते घोड्याचेच, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. घोडी मुतताना स्वतःचं शेपूट भिजवते, केस कमजोर होतात. मी ते राखेच्या पाण्यात तीनदा धुतले, एका जुन्या मोज्यात कोंबले आणि येहकीपुढे ठेवले.

"पेटीच्या तळाशी सापडले," मी म्हणाले. "रुस्कोचेच असणार. निघताना घाईत टाकले असतील."

त्याने मोजा मांडीवर रिकामा केला. मग तो पूर्वीप्रमाणेच केस ओठांत धरून ओले करू लागला. मध्येच थांबला. बाहीने ओठ पुसले आणि पीळ घालायला घेतला.

लग्न अंगणात झालं, भर दुपारी. येहकीने वाजवलं. नास्ती अशी नाचली की तिच्या बुटांनी गवत उपटून निघालं. मध्येच एक तार तुटली, त्याने गाठ मारली आणि पुन्हा सुरू केलं. मी कॉफीची किटली हातात धरून रडत होते.

"बघा, माझी वप्पू काय गातेय!" दोन पेले पोटात गेलेली हिल्मा ओरडली. मी तिच्या पायावर पाय दिला, पण तोवर सगळ्यांनी ऐकलं होतं.

पाहुणे गेल्यावर येहकी वाद्याच्या खुंट्या सैल करत बसला. मी भांडी गोळा करत होते.

"म्हातारे, रुस्को घोडा होता," तो म्हणाला.

"ते मला सांगतोस होय?"

"घोडीचा केस ओठाला लागला की कळतो. कितीही धू."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मग लावलेस कशाला?"

त्याने वाद्य माझ्या मांडीवर ठेवलं. "ही बघ. बोटांचा मार खाते ती आणि मधली, या दोन्ही हिल्माच्या घोडीच्या. तुटतील, पुन्हा लावू. आणि ही कडेची रुस्कोची. हिला आता बोट लागत नाही, नुसती खालच्या सुरात घुमत राहते. इतकी वर्षं मी हिला बोटाखाली ठेवली होती, म्हणून तुटायची भीती वाटायची."

मी त्या तारेवर हात ठेवला.

"हिल्माला विचारून ये," तो म्हणाला, "शेपूट परत वाढायला किती दिवस लागतात ते."

मी उठले आणि आधी करंज्यांचं पीठ मळायला घेतलं.