तुसात कोंडलेला धुराचा पाइप

मी एक जुना धुराचा पाइप आहे, मित्रांनो, आणि आरंभीच सांगून टाकतो, मी दमलो आहे. बारा वर्षं दुसऱ्याचा धूर गिळून वर सोडत राहिलं, की कोणीही दमेल. राजगडाच्या पायथ्याला पाली गावात धनाजीचं घर आहे. त्याच्या न्हाणीत पाणी तापवायचा लाकडावरचा मोठा बंब आहे. बंबाच्या डोक्यावरून मी निघतो, भिंतीतून शेजारच्या खोलीत शिरतो आणि तिच्या कोपऱ्यातून सरळ छपराबाहेर जातो. बंबाचं कौतुक सगळे करतात. माझं नाव निघतं ते घरात धूर झाला की.

माझा जन्म भोरच्या एका पत्र्याच्या दुकानात झाला. सपाट पत्रा गोल वळवला, कडा एकमेकींत अडकवल्या, वरून ठोकून ठोकून शिवण पक्की केली. तेव्हा मी इतका चकचकीत होतो, की धनाजीच्या आईने, साळूबाईने, माझ्यात तोंड बघून पदर सारखा केला होता. पुन्हा माझ्यात कोणी तोंड पाहिलं नाही. पहिल्या आठ दिवसांतच मी काळा पडलो.

शनिवार-रविवारी पुण्याहून गड चढायला मंडळी येतात आणि धनाजीकडे उतरतात. त्यांना पिठलं-भाकरी लागते आणि सकाळी गरम पाणी. "काकू, काय कडक पाणी आहे! जीवात जीव आला," असं म्हणत ते केस पुसत बाहेर येत. मी कोपऱ्यात उभा राहून ऐकत असे. एका पावसाळ्यात वाऱ्याने माझ्या डोक्यावरची टोपी उडवली. ती भाताच्या खाचरात जाऊन पडली आणि तिथेच राहिली. मग पाऊस माझ्या आत उतरू लागला, शिवणीला गंज धरला. वर चढून बघायला कोणाला सवड नव्हती. मीही कुरकुर केली नाही, आणि ती माझी चूकच झाली म्हणा.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. धनाजीची चार वर्षांची लेक प्रगती खोलीत धावत होती. पोरं खांबाला धरून गिरकी घेतात, तशी तिने मला धरून गिरकी घेतली. बंब पेटलेला होता. मला हात असते, तर तिचा हात मी झटकून टाकला असता. तिची किंकाळी अजून माझ्या पत्र्यात आहे. तिच्या आईने, सुलक्षणाने, तिचा तळवा कितीतरी वेळ गार पाण्यात धरून ठेवला आणि मग वेल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. तळव्यावर बोटभर डाग राहिला.

"ह्याला आजच्या आज झाका," सुलक्षणा नवऱ्याला म्हणाली. "न्हाईतर बंब इझवा. पाव्हणं करतील गार पान्यानं आंगोळ."

"आगं, झाकतो की. लगीच झाकतो," धनाजी म्हणाला.

धनाजीच्या मनात काळजी होती, पण अक्कल घाईत होती. त्याने जुन्या टेम्पोच्या फळ्या आणल्या आणि माझ्याभोवती जमिनीपासून छपरापर्यंत चौकोनी पेटी उभी केली. माझ्यात आणि फळीत जेमतेम चार बोटांची जागा. बंब पेटवला तर फळ्याही तापल्या. तेव्हा साळूबाई म्हणाली, "आरं, आत तूस भर की. अंडी तुसात ऱ्हात्यात, आंबं पेंढ्यात पिकत्यात. तूस चटका भाईर येऊ देनार न्हाई."

भाताच्या मुलखात तुसाला काय तोटा? गिरणीवरून भाताच्या टरफलांची तीन पोती आली. धनाजीने ती वरून ओतली आणि काठीने ठासून भरली. फटी बुजवल्या, पांढरा रंग दिला. चटका खरोखरच बाहेर येईना. पाहुणे म्हणू लागले, "वा, खांब छान केलाय!" झाकली मूठ सव्वा लाखाची. आत माझा जीव गुदमरत होता, ते कोणाला दिसणार?

आणि प्रगतीने तो कोपरा आपला करून टाकला. थंडीच्या दिवसांत फळ्या कोमट लागत. पहाटे बंब पेटला, की ती गोधडी ओढत यायची आणि पेटीला डोकं टेकवून पुन्हा झोपायची. ज्या हाताला मी भाजलं होतं, तोच हात ती फळीवर ठेवायची. मित्रांनो, मला ते फार आवडायचं. आणि फार भीतीही वाटायची. कारण माझ्या अंगाला लागलेलं पिवळं तूस आधी तपकिरी झालं, मग काळं. तूस लाकडासारखं भडकत नाही, आतल्या आत धुमसतं. माझी गंजलेली शिवण तर जागोजागी उसवत चालली होती.

पौषातला रविवार उजाडला. पंचवीस पाहुणे होते, त्यामुळे पहाटेपासून बंबात लाकूड सारलं जात होतं. प्रगती माझ्यापाशी झोपलेली. माझ्या शिवणीतून एक ठिणगी सुटली आणि तुसाने ती धरली. मी ओरडलो. पण पत्र्याचं ओरडणं म्हणजे टक्-टक्, आणि ते तर घरात रोजच ऐकू यायचं.

साळूबाई गोठ्यातून दुधाची चरवी घेऊन आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"धनाजी, राब कोन भाजतंय रं?"

"आये, पौषात कुठला आलाय राब? आजून होळी व्हायचीया," धनाजी न्हाणीतून म्हणाला.

आमच्याकडे भाताची रोपं लावायच्या जागेवर उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा पसरून पेटवतात. तो राब. मातीशी धुमसणाऱ्या पाल्याचा तो वास साळूबाईला साठ वर्षांचा ओळखीचा. पौषात तो यायला नको होता. ती वासामागे चालत माझ्यापाशी आली. तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात, तसा पालथा हात तिने फळीला लावला आणि झटकन मागे घेतला.

"सुलक्षणा! पोरीला उचल आदी!"

सुलक्षणाने गोधडीसकट लेक ओढून घेतली. धनाजीने पहार घातली, फळी निघाली, आणि लालबुंद तूस भळाभळा जमिनीवर आलं. आंघोळीला थांबलेल्या पाहुण्यांनीच बादल्यांनी पाणी ओतलं. धूर निवल्यावर सगळ्यांनी ती फळी पाहिली. रंगाखालून एक काळा डाग वर आला होता, झोपलेल्या प्रगतीच्या डोक्याच्या बरोबर उंचीला. सुलक्षणाने लेकीचं डोकं चाचपून पाहिलं.

"म्याच सांगितलं हुतं तूस भर म्हनून," साळूबाई म्हणाली.

"आन् वळखलंबी तुमीच, आत्या," सुलक्षणा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नसरापूरहून गोरख आला. तो पत्र्याचं काम करतो आणि फार बोलत नाही. त्याने मला खालपासून वरपर्यंत वाजवून पाहिलं. "झाकायचंच हुतं, त्यात चूक न्हाई," तो म्हणाला. "पर ह्याच्या आजूबाजूला लाकूड नको, तूस नको, कायबी जळनारं नको. ह्याला मोकळी हवा लागती." त्याने माझा गंजलेला वरचा भाग कापून नवा जोडला, डोक्यावर टोपी बसवली. छपरापाशीही लाकूड मागे सारलं. मग लोखंडी चौकटीवर सिमेंटच्या पाट्यांची नवी पेटी केली. सगळीकडून वीतभर जागा रिकामी, खाली-वर जाळी, आणि माझी शिवण बघता यावी म्हणून एक छोटं दार. सगळं झाल्यावर त्याने ओला पाला पेटवला, आणि धूर कुठून गळत नाही ना, ते दार उघडून पाहिलं.

आता मी अर्धा जुना, अर्धा नवा आहे. थकवा मात्र जुन्या अर्ध्यात सगळा राहिला आहे. मित्रांनो, आम्हांला खुशाल झाका. पण झाकलं म्हणून विसरू नका. पेटीच्या आत काय चाललं आहे, ते बघायला एक दार ठेवा आणि ते अधूनमधून उघडा.

साळूबाई आता रोज सकाळी बंब पेटला, की येऊन पेटीला पालथा हात लावते. गोधडी अंथरायची ती जागा बंद झाली आहे. प्रगती आजीचा पदर धरून येते आणि आजीसारखाच आपला छोटा हात पालथा करते. डागाचा तळवा तिच्या तोंडाकडे असतो. ती थोडा वेळ थांबते, डॉक्टरसारखी मान हलवते.

"आजी, आज आंग गरम न्हाई ह्याचं," ती सांगते.

"मग जा, तुज्या बापाला सांग, टाक आजून लाकूड."