कवळी आणि कंपनीचं नाव

सासऱ्यांची दातखिळी बसली, आणि ती अगदी खरोखरची बसली. सकाळी त्यांनी कवळीला पेस्ट लावली, कवळी तोंडात घातली, वरचे दात खालच्या दातांवर टेकले आणि जे चिकटले ते चिकटलेच. ज्या माणसाचं तोंड झोपेतसुद्धा बंद नसायचं, तो माणूस "हुं हुं" करत स्वयंपाकघराच्या दारात उभा. सूनबाईला वाटलं, चहाला नावं ठेवतायत. ते तर रोजचंच होतं.

मग त्यांच्या हातातली ट्यूब दिसली आणि तिची पाचावर धारण बसली. ट्यूब तिनेच आणली होती. कवळी बसवायची पेस्ट बनवणाऱ्या कंपनीत ती जनसंपर्काचं काम करायची, आणि तिथे फुकट मिळालेली नवी ट्यूब तिने आदल्या संध्याकाळी सासऱ्यांच्या हातात ठेवली होती. तेवढंच म्हाताऱ्याला बरं वाटेल, म्हणून. घ्या आता.

"बाबा, ही कुठून आणलीत?" नवऱ्याने विचारलं.

सासऱ्यांनी नातीची पाटी ओढली आणि लिहिलं, 'दुकानातून.'

सूनबाईच्या जिवात जीव आला. विसरले वाटतं, ती मनात म्हणाली. तेवढ्यात नणंदेचा फोन आला, की ही ट्यूब बाबांच्या गळ्यात कुणी मारली ते एकदा कळू दे, मग मी आहे आणि तो आहे. सूनबाई चहा गाळत राहिली. दातांच्या डॉक्टरने हात टेकले, म्हणाला, ओढलं तर हिरडी सोलून निघेल, ज्यांनी चिकटवलंय त्यांनाच सोडवायला सांगा.

ऑफिसात फोन खणखणत होते, पण बोलत कुणीच नव्हतं. उचलला की "हुं हुं हुं", ठेवला की पुन्हा "हुं हुं". तोंड उघडत नाही तो तक्रार कशी सांगणार? मोठ्या साहेबांनी निष्कर्ष काढला की तक्रार एकही नाही. एका बाईंनी तर घरात शांतता नांदतेय म्हणून पत्र लिहून आभार मानले होते. ते पत्र साहेबांनी फ्रेम करून लावलं.

बरं, उपाय नव्हता असंही नाही. प्रयोगशाळेने पेस्ट सोडवणारं औषध दुसऱ्याच दिवशी तयार केलं होतं. साहेबांनी सगळ्या बाटल्या कपाटात घातल्या आणि किल्ली खिशात टाकली. औषध वाटलं की आजार कबूल केल्यासारखं होतं, असं त्यांचं म्हणणं.

"साहेब, एक बाटली द्या," सूनबाई म्हणाली. "आपल्याच चुकीमुळे माझे सासरे..."

"चूक नाही म्हणायचं, मॅडम. या इमारतीत आपण अनुभव म्हणतो. तुमच्या सासऱ्यांना अनुभव आलाय का?"

"आलाय. आणि तो जात नाहीये."

"मग थोडा धीर धरा. एकाला दिलं तर उद्या दारात रांग लागेल. झाकली मूठ सव्वा लाखाची."

ही मूठ झाकायला त्यांनी आणखी एक शक्कल लढवली. चांगल्या असोत की बिघडलेल्या, सगळ्या ट्यूबांना एकच नवं वेष्टन चढवलं: 'नवीन! आता अधिक घट्ट!' म्हणजे कुठली ट्यूब कुठली, हे कुणालाच कळायला नको. त्या 'कुणालाच'मध्ये आपणही येतो, हे काही त्यांच्या डोक्यात शिरलं नाही.

इकडे घर ओस पडल्यासारखं झालं होतं. सासरे नळीने सूप ओढायचे आणि पाटीवर लिहायचे: 'मीठ नाही.' 'पंख्याचा आवाज येतो.' 'सूप म्हणजे भांडी धुतलेलं पाणी.' अक्षर मात्र दिवसेंदिवस बारीक होत चाललं होतं, तसे तेही. सूनबाईला घास गिळवेना.

आठवड्याच्या शेवटी साहेबांनी पत्रकारांना बोलावलं. साहेबांचीही कवळीच होती, आणि तिचं हसू कंपनीच्या प्रत्येक खोक्यावर छापलेलं होतं. "मी स्वतः हीच पेस्ट वापरतो," ते म्हणाले. रुमालाआड कवळी काढली, टेबलावरच्या ढिगातली ट्यूब उचलली, पेस्ट लावली, कवळी बसवली आणि कॅमेऱ्याकडे बघून ऐटीत हसले.

"साहेब, पेस्टमध्ये काही दोष आहे का?" एकाने विचारलं.

"हुं," साहेब म्हणाले.

त्यांचे डोळे गरागरा फिरले. सगळ्यांनी सूनबाईकडे पाहिलं, कारण साहेबांच्या वतीने बोलायचाच तिला पगार मिळत होता. नोकरी जाणार, हे तिला दिसत होतं. पण ती नळी आणि ते सूपही दिसत होतं. आणि 'हुं हुं'ची भाषा आठवडाभरात तिला चांगलीच यायला लागली होती.

"साहेब म्हणतात, चूक आमची आहे," ती म्हणाली.

"हुं हुं हुं!"

"ठळक अक्षरांत छापा म्हणतात. सगळ्या ट्यूबा परत घेऊ."

साहेबांनी टेबलावर मूठ आपटली.

"त्यांचा निर्धार पक्का आहे. सोडवायचं औषध आजच घरोघरी पोचवू. साहेब, किल्ली?"

किल्ली त्यांनी आपल्या हाताने दिली. काय करतील, औषध त्यांनाही हवंच होतं. आपलेच दात, आपलेच ओठ. पुढे पेपरांनी 'चूक मान्य करणारा दिलदार उद्योजक' म्हणून त्यांना डोक्यावर घेतलं, तेव्हा त्यांनी सूनबाईला केबिनमध्ये बोलावलं, तोंड उघडलं, आणि काही न बोलता मिटलं.

किल्ली मिळाली त्याच संध्याकाळी ती बाटली घेऊन धावतच घरी आली. औषधाचे थेंब, कोमट पाण्याच्या गुळण्या, आणि टक्कन कवळी सुटली. सासऱ्यांनी आधी साचलेल्या सगळ्या तक्रारी ओळीने सांगितल्या. मग नवऱ्याने विचारलं, "बाबा, आता तरी सांगा, दुकान कुठलं?"

"आठवत नाही," ते म्हणाले. नवरा चरफडत निघून गेला.

सूनबाईला राहवलं नाही. "मामंजी, ट्यूब मीच दिली होती."

"माहितीये. माझे दात खोटे आहेत, डोकं नाही."

"मग पाटीवर लिहिलं का नाही?"

"लिहिलं असतं तर या घरात तुला जन्मभर ऐकावं लागलं असतं." ते जबडा चोळत म्हणाले, "तुझा साहेब नाव सांभाळायला लोकांची तोंडं बंद ठेवतो. मी माझं ठेवलं."

डोळे पुसून तिने चहा टाकला आणि कप त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"नुसतं गरम पाणी," ते म्हणाले.

तिला इतकं बरं वाटलं की तिने तोच चहा त्यांना आणखी अर्धा कप ओतला.