आमिषाला गेलेला मासा

कारभारीकाकांची होडी अशीतशी मिळत नसे. शिवना नदीतल्या माशांची पाहणी करायला मी आणि मेघा जायचो, तेव्हा त्यांची अट एकच: जाळ्यात निघालेले नेहमीचे बारके मासे नोंद झाली की त्यांना द्यायचे. ते जिवंत मासे गळाला लावून काका मरळ धरत. मला हा सौदा भलताच आवडायचा. मेघाला नाही, पण पीएचडी तिची असली तरी होडी काकांची होती.

तिला हवा होता शेपटीजवळ तिरपा काळा पट्टा असलेला एक बोटभर मासा. जुन्या नोंदींत तो होता, पण आता नदीत उरलाच नाही असं सगळे धरून चालले होते. नमुना हातात ठेवल्याशिवाय तिचे सर ऐकणार नव्हते.

त्या सकाळी मी काठावर पोह्यांचा डबा उघडत होते. मेघा कॅमेऱ्यातले फोटो मोठे करून बघत होती. ती एकदम उठली.

"सोनिया, ही कोळशी नाही."

कोळशी म्हणजे जाळ्यात नेहमी निघणारा बारका मासा; तिच्या शेपटीवर गोल ठिपका असतो. या फोटोत पट्टा होता, चांगला ठसठशीत. काखेत कळसा नि गावाला वळसा! घाईघाईत आम्हीच तो मासा कोळशीच्या बादलीत टाकला होता, आणि बादली केव्हाच काकांकडे गेली होती.

पोहे तसेच टाकून आम्ही धावलो. काकांनी काठानं ओळीत काठ्या रोवल्या होत्या, एकेकीला एकेक गळ. आम्ही ते ओढत सुटलो. एकावर कोळशी, पुढच्यावरही कोळशी, त्यापुढचा रिकामा. मी तोंडाला येईल ते बोलत होते, त्यातलं निम्मं स्वतःलाच. शेवटची काठी मात्र पार वाकली होती. आमचा गोंधळ ऐकून आलेल्या काकांनी दोर खेचला तर हातभर मरळ आली. तिच्या जबड्यात गळाला अडकलेलं एक डोकं होतं, बाकी चोथा.

मेघा चिखलातच मटकन बसली. मग म्हणाली, "काका, हिचं पोट फाडा. शेपटी आत असेल."

काका कुरकुरले. जिवंत मरळीलाच गिऱ्हाईक असतं, म्हणाले. मी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी निमूट सुरी काढली.

पोटात शेपटी होतीच. तिच्या मागोमाग तीन अख्खे मासे घरंगळले, नुकतेच गिळलेले. एकालाही गळाचं भोक नव्हतं, आणि तिघांनाही तोच तिरपा पट्टा होता.

मी आनंदानं काकांना सुरीसकट मिठी मारली. "व्हय व्हय, सोड, लागंल," ते म्हणत राहिले.

मेघानं ते तिघं ओंजळीत घेतले. तिला रडू आवरेना.

"एकटा नव्हता गं तो," ती म्हणाली.