रविवारी बरी असायची

आमच्या खाडीत कुणाचं काही दुखलं की आधी मनालाच दोष देतात. पाठ धरली, मनाला लावून घेतलंय. जेवण जात नाही, मनाला लावून घेतलंय. नवरे समुद्रावर गेले की खिडकीत बसून बसून इथल्या बायकांच्या अंगात हे मुरलंय, आणि त्याची त्यांना लाज नाही, उलट जरासा तोराच आहे. माझी आई ट्रायफीना तर म्हणते, "जिला मनाचा त्रास नाही, तिचा नवऱ्यावर जीवच नाही." वडिलांवर तिचा किती जीव होता ते मी पाहिलंय, पण ते जाऊ दे.

त्यामुळे माझी भावजय सेलिना खेकड्यांच्या कारखान्यात धापा टाकायला लागली, तेव्हा तिचं निदान पहिल्याच दिवशी झालं होतं.

सरकारनं कॉड मासा पकडायला बंदी घातली, तसं गावाचं कामच गेलं. माझा भाऊ गारलँड देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, आल्बर्टात तेलाच्या कामावर गेला आणि आम्ही नणंद-भावजय कारखान्यात खेकड्यांच्या सरकत्या पट्ट्यावर शेजारी-शेजारी उभ्या राहिलो. मोठाल्या हंड्यांत खेकडे उकळायचे. वाफ छताला जाऊन पुन्हा आमच्याच डोक्यावर उतरायची, समोरच्या बाईचं तोंड दिसायचं नाही. त्यात उभं राहून खेकड्यांचे पाय मोडायचे, घासायचे, पेटीत भरायचे. महिन्याभरात सेलिनाला खोकला लागला, मग छातीत शिट्टी वाजायला लागली. संध्याकाळी चर्चच्या चढावर ती कठड्याला धरून उभी राहायची.

"गारलँडचा फोन नाही आला का गं?" आई विचारायची.

"आला होता की."

"मग काय म्हणाला?"

"थंडी आहे म्हणाला."

"बघ! त्याचाच घोर घेतलास तू."

आणि सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे रविवारी ती बरी असायची. शनिवारी रात्री खोकला उतरायचा, रविवारी चर्चमध्ये घसा मोकळा सोडून गायची, जेवायची, आणि सोमवारी दुपारी पुन्हा शिट्टी. आमचा मुकादम क्लेटस एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, "सेलिनाबाई देवाच्या लाडक्या. रविवारी देव बरं करतो, सोमवारी मी आजारी पाडतो." पट्ट्यावरच्या सगळ्याजणी फिदीफिदी हसल्या. सेलिनाही हसली, आणि हसता हसता तिला जी उबळ आली ती थांबेना.

दर बुधवारी शहरातून डॉक्टर यायचा. सकाळची पाळी बुडवून ती त्याच्याकडे गेली. त्यानं छातीला नळी लावली, तर छाती स्वच्छ. काम नसताना बरं वाटतं? हो. नवरा लांब असतो? हो. त्यानं मन शांत करायच्या गोळ्या लिहून दिल्या आणि पाठीवर थाप मारली. आता सांगा, शिकलेला माणूस आणि माझी आई यांच्यात फरक काय राहिला? आईनं निदान गोळ्यांचे पैसे तरी घेतले नव्हते.

"तू सोड हे काम," मी म्हणाले.

"आणि हिवाळ्यात कारखाना बंद असतो तेव्हा? कामाचे ठरलेले आठवडे भरले नाहीत तर बेकारभत्ता कोण देणार, क्लेटस?" ती म्हणाली. "डॉक्टरच म्हणतोय ना मनाचं आहे म्हणून. मन काय, आवरता येतं."

ते आवरायला आई तिला केझाया मावशीकडे घेऊन गेली. मीही गेले. केझाया मावशी मंत्र घालते. दाढ ठणकते, रक्त थांबत नाही, चामखिळी झाल्यात, सगळं तिच्याकडे. मंत्रानं काही होत नाही असं मी म्हणणार नाही, माझ्या हातावरच्या चामखिळी तिनंच घालवल्यात. तिला पैसे द्यायचे नाहीत आणि तिचे आभार मानायचे नाहीत, नाहीतर मंत्र उतरतो. सेलिना पडली बोलायला गोड. निघताना तिच्या तोंडून "तुमचे फार..." एवढं बाहेर पडलंच होतं, मी तिच्या पायावर पाय दिला.

मावशीनं लाल लोकरीच्या दोऱ्याला गाठी मारल्या, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटली आणि तो दोरा सेलिनाच्या गळ्यात बांधला. "आता हे दुखणं तुझं नाही," ती म्हणाली. "त्याचं नाव काढायचं नाही. कुणाला सांगायचं नाही, आठवायचंही नाही. नाव काढलंस की ते आपलं घर समजून परत येणार."

त्याच संध्याकाळी सेलिना चर्चचा चढ न थांबता चढली. मी मागून पाहत होते. खोटं नाही, तिचे खांदे खाली आले होते, भीती गेली होती, आणि भीतीबरोबर अर्धी धापही गेली होती. दुसऱ्याच दिवशी खेकड्याच्या भावावरून कोळ्यांनी होड्या धक्क्याला बांधून ठेवल्या आणि कारखाना दोन आठवडे बंद पडला. त्या दोन आठवड्यांत सेलिनाला एकदाही खोकला आला नाही. हॉलमधल्या नाचाला आली, मला ओढून ओढून नाचवलं. "केझायाचा हात लागला की संपलं," जो तो म्हणत होता. कारखाना बंद होता हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. तिला नाचताना पाहून मलाही इतका आनंद झाला की मी घरी येऊन रडले.

मग भाव ठरला आणि हंडे पेटले.

तिसऱ्या दिवशी तिचे ओठ मला निळसर दिसले. वाफेत नीट कळेना. "सेलिना, बरी आहेस ना?"

तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि हसली.

"अगं, बाहेर चल जरा. वारा घे."

तिनं जोरात मान हलवली. एक हात गळ्यातल्या दोऱ्यावर होता, दुसऱ्या हातानं खेकडे भरत होती. बाहेर जाणं म्हणजे दुखण्याचं नाव काढणंच होतं. ती उत्तर देईना, खोकला आला तर तोंड दाबून गिळायची. इतकी आज्ञाधारक बाई मी जन्मात पाहिली नाही.

जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी ती पट्ट्यावर ओणवी झाली आणि खाली बसली. क्लेटस धावत आला. तो दुष्ट नाही, घाबरून धाप लागली तर कागदी पिशवीत श्वास घ्यायला लावायचा, असं त्याला प्रथमोपचारात शिकवलं होतं. "घाबरलीय ती! कागदी पिशवी आणा!" कुणीतरी आपल्या डब्याची पिशवी रिकामी करून दिली. त्यानं ती सेलिनाच्या तोंडावर धरली. तिनं ढकलली. "शांत हो, शांत हो, काही झालेलं नाही तुला," तो म्हणत होता आणि पट्ट्यावरच्या दोघींनी तिचे हात धरून ठेवले होते. ती डोळे फाडून माझ्याकडे बघत होती. मी क्लेटसच्या कानाखाली वाजवली आणि पिशवी ओढून फेकली, पण तोवर तिच्या छातीत शिट्टीसुद्धा वाजत नव्हती. शेजारच्या खाडीतली नर्स येईपर्यंत सगळं संपलं होतं.

गारलँड आला तो थेट दफनाला. केझाया मावशी आईला म्हणाली, "पोरीनं नाव काढलं असणार." मी तिथेच होते. म्हातारीला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. सेलिनानं शेवटपर्यंत एक शब्द काढला नव्हता, आणि ती त्यानंच मेली.

शवचिकित्सेत दमा निघाला, खेकड्याच्या वाफेचा. मग शहरातून फुप्फुसांची माणसं आली, छपरावर वाफ बाहेर ओढणारे मोठे पंखे बसवले आणि श्वासाचा जोर मोजायला आम्हा सगळ्यांना नळीत फुंकायला लावलं. पट्ट्यावरच्या कितीतरी बायकांना तेच निघालं. ज्या फिदीफिदी हसल्या होत्या त्यांनाही. मला तर खात्रीच होती. सेलिना गेल्यापासून कारखान्याच्या दारात पाऊल टाकलं की माझी छाती आवळून यायची, हातांना मुंग्या यायच्या, श्वास पुरायचा नाही. रविवारी मी बरी असायची.

मी फुंकलं. त्यांच्यातल्या डॉक्टरीणबाईनं आकडा पाहिला, पुन्हा फुंकायला लावलं. मग कारखान्यात पाळी करून आल्यावर, धाप लागलेली असताना पुन्हा.

"तुमची फुप्फुसं उत्तम आहेत," ती म्हणाली. "हा दमा नाही. हे भीतीमुळे होतंय."

"तिलाही हेच सांगितलं होतं तुमच्या लोकांनी!" मी किंचाळले.

"माहीत आहे," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "तिला न तपासता सांगितलं. तुम्हाला मी तीनदा तपासलंय."

"चौथ्यांदा तपासा."

तिनं तपासलं. मी मनात देवाला म्हणत होते, निघू दे, मला दमा निघू दे. निघाला नाही.

मी बाहेर येऊन भिंतीला टेकून धापा टाकत बसले. पाळी सुटली होती. पट्ट्यावरच्या बायका समोरून जाताना माझ्याकडे बघून एकमेकींना कोपर मारत होत्या. त्या काय म्हणत असतील ते मला ठाऊक होतं, आणि या वेळी ते खरं होतं.