बारा खुर्च्यांच्या विमानाचा वजनकाटा

मित्रांनो, माझ्यावर उभं राहताना माणसं पोट आत घेतात. वजन भरायचं तेवढंच भरतं, पण मी आजवर कुणाला टोकलं नाही. वजनकाटा आहे मी, म्हातारा, एका छोट्या विमान कंपनीचा. आज अंगावर गंज चढलाय. एके काळी मात्र माझ्याशिवाय आमचं विमान जमीन सोडत नसे.

विमान जेमतेम बारा खुर्च्यांचं. एवढ्याशा विमानाचा तोल सांभाळावा लागतो, म्हणून पेट्यांबरोबर प्रवाशांचंही वजन व्हायचं. काउंटरवरच्या ताई माझी तबकडी स्वतःकडे वळवून ठेवत. आकडा गुपचूप कागदावर उतरवत आणि तोंडाने एवढंच विचारत, "खिडकी देऊ?" कुणाची लाज म्हणून त्यांनी चारचौघांत काढली नाही.

फक्त एका शिंपीणबाईंचा आकडा त्या बोलून दाखवत. बाईंची मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून दोनदा डोंगरापलीकडच्या शहरात जायचं, इस्पितळातल्या यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यायचं आणि संध्याकाळी परतायचं. रस्त्याने एका बाजूलाच नऊ तास. आमचं विमान होतं म्हणून त्या स्वतःच्या घरात, स्वतःच्या शिलाई मशीनपाशी राहू शकत होत्या. अंगात पाणी साठलं की त्यांचं वजन वाढे.

"मावशी, दोन किलो जास्त! पाणी प्यालात ना?"

"घोटभर ग."

"घोट होता की घागर?"

मग आमच्या समोरच मोठी कंपनी आली. तिच्या मोठ्या विमानात माणसं तोलायची गरज नव्हती. रस्तोरस्ती फलक लागले : 'तोलून घ्यायला तुम्ही काय कांदे-बटाटे आहात?' लोक हसले. खरं सांगतो, मलाही हसू आलं. पण तिकीट बसपेक्षा स्वस्त होतं, आणि ते विमान आमच्याआधी पंधरा मिनिटं, पावणेआठला सुटायचं.

आमचे मालकच विमान उडवत. सगळे त्यांना कप्तान म्हणत. ताई त्यांना म्हणाल्या, "आपण साडेसातला निघू या. त्यांच्या आधी."

"आणि शिंपीणबाई? त्यांची बस पावणेआठशिवाय येत नाही."

"अहो, एका बाईसाठी कंपनी बुडवाल!"

"त्या आपल्या भरवशावर घरी राहतात ना?"

झालं. विमान आठलाच सुटत राहिलं. बारातल्या चार खुर्च्या भरत, मग तीन.

आणि एका सकाळी साडेसातलाच शिंपीणबाई दिराच्या स्कूटरवरून उतरल्या. दिराने त्यांची वर्षभराची तिकिटं एकदम काढली होती. समोरच्या कंपनीची.

"रागावू नकोस ग पोरी," त्या ताईंना म्हणाल्या. "खर्च त्याचा. मी कोणत्या तोंडाने नको म्हणू?"

"रागवू कशाला, मावशी? जा तुम्ही."

बाई दोन पावलं गेल्या आणि परत आल्या. "एकदा उभी राहू का? तिकडे कुणी सांगत नाही."

ताईंनी मान डोलावली. त्यानंतर कितीतरी आठवडे बाई वजन आमच्याकडे करायच्या आणि बसायच्या त्यांच्या विमानात. कप्तान खिडकीतून बघायचे. मला मात्र त्या दिवसांत स्वतःच्या खरेपणाचा वीट आला होता; खरा आकडा आमचा, प्रवासी त्यांचा.

पावसाळा सरायच्या आत आमच्या दारावर कंपनी बंद झाल्याचा कागद चिकटला. विमान कुणीतरी घेऊन गेलं. ताई समोरच्या कंपनीत नोकरी मागायला गेल्या, तर तिथल्या साहेबांनी सांगितलं, तरुण चेहरा हवा. मला भंगारवाल्याने उचललं, भंगार तोलायला.

आम्ही गेलो आणि मोठ्या कंपनीला हा गाव एकाएकी परवडेनासा झाला. रोजचं विमान आठवड्याला एक झालं. वर्षभराची तिकिटं हातात होती, पण आठवड्यातून दोनदा न्यायला विमानच नव्हतं. शिंपीणबाईंना शहरात इस्पितळाच्या मागे खोली घ्यावी लागली. खोलीत खाट मावली, शेगडी मावली. शिलाई मशीन मावलं नाही.

ते माझ्यावर आलं. घेऊन आला तो दीरच.

"अठ्ठावीस किलो," भंगारवाला म्हणाला.

"नीट बघा हो, जास्त भरेल. जुनं लोखंड आहे."

मित्रांनो, तो वाईट माणूस नव्हता. वहिनीसाठी धडपडणाराच होता. स्वस्त मिळालं म्हणून घेतलं. तुम्हीही घ्याल, आणि घेऊ नका म्हणणारा मी कोण? एवढंच सांगतो. जे तुमच्यासाठी थांबतं, त्याला ते चालू आहे तोवरच सांभाळा. बंद पडल्यावर हळहळत, धूळ पुसत येऊ नका. तोवर आमचं फक्त लोखंड उरलेलं असतं.